मशीन ऐकायला येणारे काका

“ताई, कंपनी जुनी वॉशिंग मशिनं नवी करून थेट ॲपवर विकणार आहे. आमचं दुकान बसेल,” पुलापलीकडे जुनी मशिनं दुरुस्त करून विकणारे तांडेलकाका म्हणाले होते. मी हसण्यावारी नेलं.

पुढे बाळ झालं. त्याच्यासाठी तरी कारखान्यांचा धूर कमी व्हावा, म्हणून कोरं न घेता तसंच जुन्याचं नवं केलेलं मशीन मी कंपनीच्या ॲपवरून मागवलं.

आज ते सुरू केलं आणि त्याच्या गुणगुणण्यात बाळासोबत माझाही डोळा लागला. स्वतः विकलेलं प्रत्येक मशीन नीट चालतंय का ते दुसऱ्या दिवशी ऐकायला यायचे, तसे काका आले. झाकणाला कान लावून म्हणाले, “गातंय हो!”

मशीन थांबलं, तशी मला जाग आली. दारात कुणीच नव्हतं.

दुकान बंद आहे म्हणतात. फोनही लागत नाही. दुकानामागच्या खोलीत ते एकटेच राहतात. तान्ह्याला सोडून मला निघवत नाही. पुलावरून जाणार असाल, तर त्यांचं दार वाजवून बघाल?