उस्तादांचं मशीन

मशीन पुन्हा आपोआप सुरू झालं.

टेलर मास्तर तेव्हा सुईत दोरा ओवत होते. बोट कसंबसं वाचलं. परवा सुई नखातून आरपार गेली होती, तेव्हापासून ते या मशीनसमोर जीव मुठीत धरून बसत. सुई थांबली, थरथरली आणि पुन्हा हवेतच शिवत सुटली.

मशीन उस्तादांचं होतं. मास्तर त्यांच्याच हाताखाली तयार झाले. मोटर विजेवर चाले, वेग पायाखालच्या पॅडलवर ठरे. "चप्पल काढून बस, पॅडल तळव्याला कळलं पाहिजे," हा उस्तादांचा पहिला धडा. ते वारले, तेव्हा त्यांच्या बायकोने मशीन मास्तरांना दिलं. वर्षभर गुण्यागोविंदाने चाललं आणि आता हे असं. मेकॅनिकला दोष सापडला नाही. मास्तरांना सापडला होता. हल्ली त्यांची शिलाई वाकडी जात होती, आणि वाकडी शिलाई उस्तादांना मेल्यावरही खपली नसणार.

"अहो, बारा वाजता मणक्याच्या डॉक्टरांची वेळ आहे," बायको दारातून म्हणाली. "आज तरी चला."

गल्लीतल्या डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच बजावलं होतं: मज्जारज्जू दाबला जातोय, मणक्याच्या सर्जनला लगेच दाखवा. मास्तरांनी मालिशवाला गाठला. पाय जड पडत, पण दुखत नसत. न दुखणाऱ्या पायाला सर्जन कशाला, असं त्यांचं म्हणणं.

"संध्याकाळी मालिशवाला पाठीला दोन झटके देणार आहे. मग बघ कसा पळतो."

"तो वरून चोळतो. आत काय दाबलंय ते त्याला दिसतं का?"

तिला त्या झटक्यांचीच भीती होती. माणूस कायमचा अंथरुणाला खिळला तर?

"आधी हे जाऊ दे," मास्तर आवाज खाली आणून म्हणाले. "यात जे कोण शिरलंय ते गेलं, की त्याच पावली येतो तुझ्या डॉक्टरांकडे."

सुई पुन्हा धावू लागली.

"बघ. माझा पाय तर मागे खुर्चीखाली आहे."

बायकोच्या अंगावर काटा आला. तिने पुढे होऊन प्लगच उपटला. सुई थांबली. टेबलाखालून मात्र टकटक येतच राहिली.

मास्तर पांढरेफटक पडले. "उस्ताद," ते पुटपुटले, "चुकलं माझं."

बायको खाली वाकली आणि टेबलाखाली शिरली. मग टकटक थांबली.

"गेले," मास्तरांनी सुस्कारा सोडला. कितीतरी दिवसांनी ते हसले. "चल, कुठे आहेत तुझे डॉक्टर?"

टेबलाखाली बायकोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायला हात मोकळे नव्हते. पॅडलवर थडथडणारं मास्तरांचं पाऊल तिने दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं होतं, आणि मास्तरांना ते कळलंही नव्हतं.