माळकरी बेडूक

कोंबडीच्या पिल्लाचे दोन पिवळे पाय बेडकाच्या तोंडाबाहेर लोंबत होते. भुजंगनं दोन घरांमधल्या भिंतीवरून उडी टाकली, खराटा उचलला, तर पंचफुलाबाईनं खराटाच धरला.

"देवाला मारतूस का रं, मुडद्या?"

"देव तुमचं पिल्लू खाऊन राहिलाय, मावशी! बघा तरी!"

बेडूक हौदाच्या कडेला निवांत बसला होता. वीतभर लांब, अंगावर हिरवे-पिवळे पट्टे. गेल्या महिन्यात गावानं पावसासाठी धोंडी काढली, तेव्हा यालाच मुसळाला बांधून दारोदार फिरवला होता. तिसऱ्या दिवशी पाणी पडलं. मग गावानं त्याला मानानं पंचफुलाबाईच्या हौदाजवळ सोडलं. तेव्हापासून त्याच्या डोक्यावर रोज हळदीकुंकू चढत होतं आणि तिच्या अकरा पिल्लांतलं अधूनमधून एखादं कमी होत होतं. पाच उरली, तेव्हा पंचफुलाबाईनं हापशावर सगळ्या बायांसमोर सांगून टाकलं, "भुजंगच्या मनी मांजरीनं खाल्ली." पोरांनी मनीमागं धोंडे घेतले. भुजंगनं तिला पोत्यात घातली, उदगीरला नेली, आडत बाजारात सोडली. पोतं उघडलं तरी ती पळाली नाही. त्याच्या पायाला अंग घासत राहिली.

मनी गेली आणि पाचाची चार झाली. त्या दिवसापासून भुजंग भिंतीआडून पाळतीवर होता.

आरडाओरडा ऐकून दहा-बारा माणसं जमली. धोंडीचं मुसळ खांद्यावर घेणारे चंद्रप्पाकाका पुढं आले आणि गुडघ्यावर हात ठेवून वाकले.

"बेडूक किडं-मकोडं खातो," ते म्हणाले. "कोंबडी कुठली खातोय?"

"मग ह्या काय शेवया लोंबून राहिल्यात?"

"पिल्लू हौदात पडाय लागलं आसंल. त्यानं वरच्यावर धरलं. वाचवून राहिलाय."

"मुंडकं पोटात गेलंय, काका!"

"आमचा बेडूक माळकरी हाय," मागून कुणीतरी म्हणालं. कुणीही हसलं नाही.

भुजंगच्या कपाळाची शीर उडायला लागली. "उंदीर खातो ह्यो. सरडा खातो. परवा एक बारका बेडूक गिळला, म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय. आपल्या जातीचा म्हून बी सोडला न्हाई. हललं की गिळतो! माळकरी म्हनं!"

मग तो पंचफुलाबाईकडं वळला. आवाज चढलेलाच होता.

"मावशी, मला दुसरं कायबी नको. मनीचं नाव जिथं घेतलं, त्या हापशावर चला आन् सांगा, की मनी न्हवती. मी आत्ताच्या बसनं जातो, तिला घेऊन येतो. तुमी सांगितल्याबिगर आणली तर हे लोक तिला धोंड्यानं मारतील."

पंचफुलाबाईनं बेडकाकडं पाहिलं. एक पिवळा पाय किंचित हलला. तिनं तोंड उघडलं. मग तिची नजर बेडकाच्या डोक्यावरच्या कुंकवावर गेली. ते तिनंच सकाळी लावलं होतं. तिथून ती चंद्रप्पाकाकांवर गेली, मग जमलेल्या माणसांवर.

"मनीच हुती," ती म्हणाली.

बेडकानं पुढच्या दोन्ही पायांनी लोंबणारे पाय आत ढकलले. एक मोठा घोट घेतला. घोटासरशी त्याचे बटबटीत डोळे डोक्यात खोल बुडाले.

"बघा," चंद्रप्पाकाका हळू आवाजात म्हणाले, "डोळं मिटलं. ध्यानाला बसला."

त्यांनी हात जोडले. मग सगळ्यांनीच जोडले. दोन्ही हातांत खराटा असल्यानं भुजंगचे तेवढे राहिले.

त्यानं खराटा हौदावर आपटला, भिंत ओलांडली आणि आपल्या ओट्यावर जाऊन बसला. माणसं पांगली. पलीकडून उदबत्तीचा वास आला. मग काहीतरी ओढत आणल्याचा आवाज झाला.

भुजंगनं उभं राहून पाहिलं. पंचफुलाबाईनं उरलेल्या तीन पिल्लांवरचं डालं हौदापासून सरकवत सरकवत लांब आणलं होतं. त्याच्या भिंतीला टेकवून, अगदी मनी उन्हाला बसायची तिथं, तिनं ते ठेवलं आणि वर दगड ठेवला. मग दगड हलत नाही ना, हे हातानं दाबून पाहिलं.

वर न बघताच ती पुटपुटली, "उदगीरची बस कितीला हाय रं?"

"हापशावर येऊन इचारा," भुजंग म्हणाला.