लाल दोऱ्याची पुडी

सीमाला मिळणार होतं ते असं: नावाआधी डॉक्टर, शिक्रापूरच्या पशुखाद्य कंपनीत कायमची नोकरी आणि दौंडच्या भावकीची तोंडं बंद. डॉक्टर मिळून झालं होतं. नोकरीची सही उद्या होती. म्हणजे तिसरंही आल्यातच जमा. फक्त आत्ता ती इनामगावात, भागुबाईच्या गोठ्यात गुडघे टेकून बसली होती आणि तिच्यासमोर मेलेलं वासरू होतं.

गाय सातव्या महिन्यात गाभडली होती. दूध वाढवणारी पूड घरोघर मिळायला लागल्यापासून वस्तीतली ही तिसरी. पूड कंपनीची. तिचा गुण सिद्ध केला सीमाच्या प्रबंधानं.

सिद्ध म्हणजे काय, ते सीमालाच ठाऊक. गेल्या वर्षी निम्म्या घरांना लाल दोऱ्याच्या पुड्या दिल्या, त्यात औषध. निम्म्यांना निळ्या दोऱ्याच्या, त्यात नुसता कोंडा. कुणाला काय, ते सांगायचं नाही असा नियम. धारेच्या वेळी घरोघर फिरून तिनं दूध मोजलं. लाल काय, निळं काय, सारखंच भरलं. तसं ती प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना सांगायलाही गेली. प्रामाणिकपणा तिच्याकडं होता, गिऱ्हाईक नव्हतं.

"फरकच नाही?" सर हसले होते. "अगं, शून्याचा पेपर कोण छापतो? फेलोशिप संपत आली ना तुझी? नीट बघ. असेल फरक कुठंतरी."

तिनं नीट बघितलं. एका बैठकीत कागदावर लाल दोऱ्याच्या गाई लिटर-लिटर जादा दूध देऊ लागल्या. गाईंना विचारायची पद्धत नाही.

भागुबाईनं वासरावर गोणपाट टाकलं. पदरानं तोंड पुसलं. "म्याडम, एक सांगू? रागावू नगा. गेल्या साली माझी निळी पुडी व्हती, शेजारच्या सरूची लाल. वासावरनंच कळलं, माझा निस्ता कोंडा हाय. सरू म्हणाली, माझ्या गाईनं खायाचं आन् तुझीनं बघत बसायचं व्हय गं? मग घमेल्यात दोन्ही एक केल्या आन् निम्मं-निम्मं घेतलं. समद्या वस्तीनं तसंच केलं."

सीमानं मनातल्या मनात आकडे पुन्हा मांडले. म्हणजे कोंड्याच्या गाई नव्हत्याच. सगळ्यांनी अर्धी मात्रा खाल्ली. म्हणून दूध सारखं, आणि म्हणूनच वासरंही जगली. यंदा तिच्या आकड्यांच्या जोरावर प्रत्येकीला पुरी पुडी मिळाली. ते शून्य तिनं शून्यच ठेवलं असतं, तर ते का आलं, हे विचारायला कुणीतरी याच गोठ्यात आलं असतं.

"त्यानं तुमचं काम नासलं का वो? म्हणून झालं का हे?" भागुबाईचा आवाज फुटला. "सरूची गाय आठव्यात हाय. तिला पुडी देऊ का नगं?"

फोन वाजला. सर होते. "उद्या नोकरीवर तुझी सही झाली की तुझ्याच नावावर पाटस गावाकडंही पुड्यांची गाडी सुटते. इनामगावची काही तक्रार? नाही ना?"

भागुबाई सीमाच्या तोंडाकडं बघत होती. गाय गोणपाटाकडं.

"नाही सर," सीमा म्हणाली.

फोन खाली गेला तसा तिचा आवाजही गेला. "सरूबाईंना म्हणावं, राहू द्या पुडी."

कारण भागुबाईनं विचारलं नाही. तिच्या मते तिला ते ठाऊकच होतं. तिनं हात जोडले. "चुकलं आमचं म्याडम. वाटून घ्यायला नगं व्हतं. सरांना मात्र सांगू नगा."

हिशेब असा मिटला: पदवी सीमाची, पेपर सरांचा, गाडी कंपनीची. वासरू भागुबाईचं गेलं. पाटसची वासरं अजून जायची होती. आणि एवढ्या सगळ्यांत माफी मागितली ती एकट्या भागुबाईनं.