लाईट गेल्यावरचा आवाज

विश्रामबागेत आमच्या पुढच्या खोलीत सूनबाईंचं हापिस हाय. अंकिता डोक्याला बिनतारी फोन अडकवून बियाण्याच्या ऑर्डरी घेते. हात हलवत एकटीच बडबडते, येड्यावानी.

त्या दुपारी लाईट गेली, फोनही बंद पडला. तरी अंकिता दचकून म्हणाली, "आत्याबाई, यात तुमचा आवाज येतोय."

"बये, मी हितं गप उभी हाय."

मी फोन कानाला लावला. आवाज माझाच होता. "थांब रं यशराज, भाकरतुकडा ओवाळल्याबिगर उंबरा वलांडू नगंस."

लेक पलटणीतनं रजेवर आला की दारात मी असंच दटावते. पण पावसाळ्यापासनं त्याची काहीच खबर न्हाई.

अंकिता रडाय लागली.

"रडतीस काय? भाकरी आण."

मी भाकरीचा तुकडा मोडला, आणि फाटकाची कडी वाजली.