गुरुवारची खुशाली

रतिलाल मुंबईत हॉटेलात पियानो वाजवायचा आणि दर गुरुवारी संध्याकाळी रेडिओवर.

"मी तठे वाजाडस, त्याच येळले तुले आठे ऐकू येस," असं त्यानं बायकोला सांगून ठेवलेलं. गावी, कोरीटच्या चावडीवरचा रेडिओचा भोंगा वाजला, की छबूबाईला नवऱ्याची खुशाली कळायची.

तापानं तो मुंबईतच गेला. त्याचे वडील हिंमतराव एकटेच जाऊन पोराला अग्नी देऊन आले. घरी छबूबाईच्या बांगड्या फोडल्या.

पुढच्या गुरुवारी रेडिओवाल्यांनी त्याची आठवण म्हणून जुनं रेकॉर्डिंग लावलं. निवेदन इंग्रजीत होतं. छबूबाईला फक्त पियानो कळला.

सासऱ्यासमोर कधी तोंड न उघडलेली ती उघड्या डोक्यानं ओसरीवर धावत आली.

"मामा, ते तं वाजाडी ऱ्हायनात! मंग तुम्हीन अग्नी कोनले दिधा?"