दुसरा मिक्सर

"मोटर दणकट पाहिजे," लतिका म्हणाली. "रोज वीस-पंचवीस डब्यांचं वाटण करायचं असतं."

"डबे? तुम्ही सुरू केलेत का ताई?" दुकानदार मोरोपंतांनी फळीवरचं खोकं खाली उतरवलं.

"मी नाही हो, माझी मैत्रीण. शिखा. टेकडीखाली राहते. गुरुवारी तिचा वाढदिवस आहे."

शिखाच्या नवऱ्याचं कापडाचं दुकान बुडालं, त्याला दोन वर्षं झाली. अक्षत आता इंदूरला दुसऱ्याच्या दुकानात कामाला होता, रविवारी तेवढा देवासला यायचा. घर चालत होतं ते शिखाच्या डब्यांवर. तिचा मिक्सर जळाला तेव्हापासून ती पाट्या-वरवंट्यावर वाटत होती. तिचं सुजलेलं मनगट लतिकानं पाहिलं होतं.

पैसे दिले असते तर शिखानं ते घेतले नसते. साडी घडी करून कपाटात गेली असती. धान्याचं पोतं पाठवणं तर लतिकालाच भिकेसारखं वाटलं. धारच्या शाळेत दोघी एकाच बाकावर शिकल्या होत्या. शिखाचा स्वभाव ती ओळखून होती. शेवटी तिला युक्ती सुचली. मिक्सर द्यायचा आणि म्हणायचं, स्कीममध्ये फुकट मिळाला, माझ्याकडे पडून राहील. बिशीचे पैसे पर्समध्ये घालून ती निघाली होती आणि वाटभर हे खोटं घोकत आली होती.

मोरोपंतांचा हात खोक्यावरच थांबला. "टेकडीवाल्या शिखाताई? अहो, त्या तर परसोंच घेऊन गेल्या. दोन."

"दोन?"

"एक साधा, एक भारीतला. नकद दिले."

लतिकानं पर्सची चेन लावली. "मग राहू द्या," ती म्हणाली.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला, तरुणला, सगळं सांगितलं. तो नुकताच कामावरून आला होता. चहाचा कप हातात धरून तो ऐकत राहिला.

"असेल काही कारण," तो म्हणाला.

"पण दोन-दोन कशाला? आणि तिच्याकडे एवढे रोख पैसे आले कुठून?"

"आपल्याला काय करायचंय? चांगलंच झालं. तुझे पैसे वाचले."

लतिकाला ते लागलं. मिक्सरचा विषय निघाल्यापासून तरुण 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणत होता. द्यायच्या बाबतीत त्यानं कधी हात आखडला नव्हता. शिखाबद्दल यालाही काही कळलंय की काय, असं तिच्या मनात येऊन गेलं.

तिनं शिखाला फोन लावला. "गुरुवारी सकाळी येते गं."

"सकाळी नको," शिखा घाईनं म्हणाली. "डब्यांची गडबड असते. दुपारी ये ना, तीननंतर."

फोन ठेवल्यावर लतिकाच्या लक्षात आलं, तीन-चार महिने झाले, शिखा हेच म्हणत होती. त्याआधी लतिका सकाळीच जायची, तिच्या पोळ्या लाटून द्यायची.

बुधवारी बिशीला शिखाच्या शेजारच्या जानकीबाई भेटल्या. लतिकानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "शिखाचं बरं चाललंय ना?"

जानकीबाईंनी आधी इकडेतिकडे पाहिलं. "तू तिची जवळची, म्हणून बोलत्ये हो. रोज सकाळी एक पुरुष येतो तिच्याकडे. गाडी मागल्या गल्लीत लावतो, येतो तोही मागल्या दारानं. डोईवरचं हेल्मेट म्हणून काढीत नाही. बारापर्यंत येणंजाणं चालू असतं. आणि अक्षत बिचारा इंदुरास."

बिशीची चिठ्ठी कुणाची निघाली ते लतिकाला कळलंही नाही. रोख पैसे, भारीतला मिक्सर, मागचं दार. जिच्या मानाला धक्का लागू नये म्हणून आपण महिनाभर डोकं शिणवलं, तिनं आपल्यापासून हे लपवावं? पैशांच्या तंगीत माणूस कुठवर जातं? तिला राग आला, आणि रागाखाली कुठेतरी रडूही.

गुरुवारी तरुण डबा घेऊन कंपनीत जायला निघाला. दहाच्या सुमारास लतिका पेढ्यांचा पुडा घेऊन निघाली आणि न कळवता शिखाच्या दारात उभी राहिली.

शिखानं दार उघडलं आणि तिचा चेहरा उतरला. "तू? आत्ता?"

"वाढदिवसाला यायला ठरलेली वेळ लागते का?" म्हणत लतिका आत शिरली.

ओट्यावर मसाल्यानं माखलेला नवा मिक्सर होता. कोपऱ्यात दुसरं खोकं होतं, न उघडलेलं.

"हा कुणासाठी घेतलास?"

शिखा पदराला हात पुसत राहिली. "तुझ्यासाठी."

"खोटं बोलू नकोस शिखा. माझ्याकडे चांगला मिक्सर आहे."

"डब्यांच्या कामाला तो टिकायचा नाही. ऑर्डरी वाढल्यात, मला एकटीला झेपत नाहीत. अर्धे डबे तू तुझ्या घरी कर. तुला काय सांगून द्यावा, तेच सुचत नव्हतं गं."

"मी कशाला डबे करू? आणि सकाळी इथं कोण येतं, ते आधी सांग."

तेवढ्यात मागच्या गल्लीत गाडी थांबली. दार ढकलून हेल्मेट घातलेला माणूस आत आला, दोन्ही हातांत रिकाम्या डब्यांच्या पिशव्या. लतिकाला पाहून तो जागीच थबकला. पिशव्या खाली ठेवून त्यानं सावकाश हेल्मेट काढलं.

समोर तरुण उभा होता, तिचा नवरा.

शिखानं त्याच्यापुढे स्टूल सरकवलं. "बसा भिया," भावाला म्हणावं तशी ती म्हणाली. "तुमची नोकरी जाऊन चार महिने झाले, हे आता तुम्हीच सांगा तिला."