नजरेच्या कडा

शलाकाने हात पुढे केला आणि चौरंगावरच्या दोन झाकलेल्या वाट्यांच्या मधली रिकामी जागा चाचपली.

"पेढा की बर्फी ते उघडून बघ, चौरंग काय कुरवाळतेस?" मावशी म्हणाली आणि डोहाळजेवणाला जमलेल्या बायका हसल्या.

हे आधी सांगायला हवं होतं: शलाकाच्या मेंदूत पिट्यूटरी ग्रंथीवर गाठ होती. गोळ्यांनी ती आकसली म्हणून दिवस राहिले, आणि दिवस राहिले म्हणून गोळ्या थांबवल्या. गाठ पुन्हा वाढून डोळ्यांच्या नसांवर दाबू शकते, नजरेत फरक पडला तर लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पंधरा दिवस तिला दोन्ही बाजूंचं दिसत नव्हतं, पण पुन्हा गोळी घेतली तर बाळाला बाधेल या धास्तीने ती गप्प होती.

सासूबाई हसल्या नव्हत्या. ओटी भरणं तसंच ठेवून त्या तिला थेट दवाखान्यात घेऊन आल्या.

"ही गोळी बाळाला सहसा बाधत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आजच सुरू करू. पण इतके दिवस थांबलात कशाला?"



"तिला बोलू नका," सासूबाई म्हणाल्या. "औषधाला शिवायचं नाही म्हणून बाळाची शपथ मीच घातली होती तिला."